मागच्या दाराने येणारी पालखी

शिमग्यात कोकणात देवाची पालखी घरोघर येते, ती अंगणातून, पुढच्या दाराने. आसगोळी गावात मात्र ती घराला वळसा घालून परसात शिरते. आंब्याखालचा पाचोळा, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, लाकडांचा ढीग, यांतून वाट काढत ती मागच्या दारी टेकते. देवाची ओटीही तिथेच भरायची.

नवखे पाहुणे चक्रावतात. "एवढं सारवलेलं अंगण सोडून देव उकिरड्याच्या बाजूने?" असं कुणी विचारलं की नाना गुरव आधी त्याला आपादमस्तक न्याहाळतात.

"तुमच्या घरामागे परस आहे, साहेब?"

"आहे ना. सगळी फरशी घातलीय."

"मग देवाने यायचं कुठून?"

एवढं सुनावलं की नाना देवळाच्या पायरीवर बसतात आणि सांगू लागतात.

फार मागे पालखी इथेही पुढच्याच दाराने येई. एका वर्षी खोताने दवंडी पिटवली, म्हणे. शिमग्याआधी गाव साफ झालं पाहिजे. देवाच्या नजरेला सरडा, बेडूक, किडामुंगी पडता कामा नये. खोताचा शब्द म्हणजे कायदा, त्याला विचारणार कोण? कुंपणं पेटली, वारुळं फुटली, घरटी काठीने खाली आली. आणि हे सगळं कशासाठी, तर भक्तीसाठी! एकालाही आपण काय करतोय असं वाटलं नाही.

गावाच्या कडेला येसूचं घर होतं. नवरा गलबतावर गेला तो परतलाच नाही. मुलीचं लग्न ठरलं होतं, शिमगा सरला की लागायचं. मायलेकींना सोबत होती ती परसाचीच. येसू भांडी घासायला बसली की खार शितं वेचायला येई. तिन्हीसांजेला दगडाखालून एक थोराड बेडूक निघे आणि चुलीचा उजेड पडेल तिथे येऊन बसे, घरातल्या म्हाताऱ्यासारखा. लाकडांखाली धामण होती, म्हणून भाताला उंदीर लागत नसत.

खोत स्वतः येऊन बजावून गेला, "कुंपण तोड, येसू. नाहीतर तुझ्या दारी पालखी यायची नाही."

पालखीने टाळलेलं घर म्हणजे वाळीत पडलेलं घर. सोयरे लग्न मोडणार, हे येसूला कुणी सांगायला नको होतं. तिने कोयता उचलला.

कोरांटीच्या कुंपणात बुलबुलाची मादी अंड्यांवर बसली होती. कोयता हातभर अंतरावर आला तरी ती उठली नाही. मान तेवढी तिरकी करून बघत राहिली. येसूही बघत राहिली. गालावरचा तो लाल ठिपका! एवढ्याशा जिवाला कुणी इतक्या सवडीने सजवलं असेल? येसूने कोयता खाली ठेवला.

खोत पुन्हा आला तेव्हा ती म्हणाली, "खोतानू, देव काय तुमचा पाहुणा आहे? ही पाखरं, किडामुंगी त्याचीच करणी. स्वतःच्या हातचं बघून त्याला किळस येईल होय?"

"तोंड फार चालतंय तुझं. तुझ्या पोरीला कोण नेतो, तेच बघतो."

पोर आतून ऐकत होती. "आये, मग माझं काय गो?" तिने विचारलं. येसू भांडी घासायला बसली.

शिमग्याला ढोलांचा आवाज जवळ आला, तशी येसू दार लावून आत बसली. आवाज तिच्या घरावरून पुढे गेला. पुढे गेला आणि थांबला. पालखी अचानक जड झाली, असं सांगतात. खांदेकऱ्यांचे पाय मातीत रुतले. मग ती आपसूक फिरली. "देव ओढतोय!" म्हणून ओरडत खांदेकरी तिच्यामागे फरफटत निघाले. येसूच्या घराला वळसा घालून, बेड्याच्या, म्हणजे परसाच्या फाटकाच्या, काठ्या मोडून पालखी परसात शिरली आणि कोरांटीपाशी टेकली. खोताने नारळ फोडला, खांदेकरी बदलले, पण ती तसूभर हलेना.

शेवटी मागचं दार उघडलं. येसूचे हात राखेने माखलेले, पूजेचं ताट तयार नाही. तिने अळूच्या पानावर मूठभर तांदूळ घेतले, पालखीपुढे ठेवले आणि म्हणाली, "बघ बाबा, तुझं तूच."

त्यासरशी पालखी फुलासारखी उचलली गेली, म्हणे. खोताने मुकाट्याने वहाणा काढल्या. सोयरे गर्दीत उभे राहून सगळं बघत होते. लग्न त्याच परसात लागलं.

तेव्हापासून पालखी साऱ्या गावात मागच्याच दारी येते. आजही तिचा पहिला मान येसूच्या परसाचा. घर कधीच पडलं. ओटी भरायला तिथे कुणी नाही. तरी पालखी त्या झाडोऱ्यात टेकते आणि ढोल थांबतात. सारा गाव गप्प उभा राहतो. मुंबईहून आलेली पोरंसुद्धा मोबाईल खिशात घालतात. पाचोळ्यात काहीतरी सरपटत जातं. कुठेतरी बुलबुल बोलतो. मग एखादी म्हातारी हळूच म्हणते, "झालं त्याचं बघून." तेव्हाच पालखी उठते.