जात्याची वरची तळी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक जाते आणा. घराच्या कोपऱ्यात मांडलेले, दगडी. त्याला दोन तळ्या असतात. खालची जमिनीत रोवलेली, ती हलत नाही. वरची तिच्यावर फिरते. तिला धरायला लाकडी खुंटा असतो आणि मधोमध एक भोक असते. त्याला जात्याचे तोंड म्हणतात. त्या तोंडात दाण्यांची मूठ घातली की कडेने पीठ झरू लागते. दिसले का? आता त्यातली वरची तळी उचला आणि नदीपलीकडच्या गावात नेऊन टाका. काय राहिले? इकडे एक दगड, तिकडे एक दगड, आणि पीठ कुठेच नाही. डोळे उघडा. ही त्याच जात्याची गोष्ट आहे.

फार वर्षांपूर्वी नगरकडच्या एका नदीकाठी हिवरदरी नावाचे लहानसे गाव होते आणि त्या गावात शांतवनबाबा राहत. अंगात जाडाभरडा सदरा, खांद्यावर घोंगडी, गळ्यात सुतळीत ओवलेला बाभळीच्या लाकडाचा क्रूस. त्यांचे प्रार्थनामंदिर म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पाचटाचे छप्पर. बाबा बोलत थोडे आणि तेही हळू. कुणाच्या घरी माणूस गेले की ते तिथे जाऊन नुसते बसत. लोक म्हणत, बाबा ओसरीवर बसले की अडलेले रडू बाहेर येते.

बाबांनी गावात एक रीत घातली होती. बाजरीची सुगी घरात आली की उपकारस्तुतीचा रविवार येई. त्या दिवशी प्रभूभोजनाच्या मेजावर जी भाकर मोडायची, ती दरवर्षी एका घरची असे. तिचे पीठ त्याच घरच्या जात्यावर दळायचे आणि ते नवरा-बायकोने समोरासमोर बसून, एका खुंट्याला दोघांचे हात लावून. पुरुषमंडळी आधी लाजली. "बाबा, दळण का गडीमाणसाचं काम?" बाबा म्हणाले, "खाताना लाजता का रे?" त्यानंतर पुन्हा कुणी विचारले नाही.

त्या वर्षी पाळी शमुवेल आणि रिबका यांच्या घराची होती. आणि नेमके त्यांचेच जाते दोन गावांत पडलेले होते.

असे कसे झाले म्हणाल, तर ते दुःखाचे आहे, पण सांगायला हवे. मागच्या थंडीत त्यांच्या तान्ह्या दानीला ताप भरला. रिबका म्हणाली, "गाडी जुंपा, दवाखान्यात नेऊ." शमुवेल म्हणाला, "आज शेताच्या पाण्याची पाळी आहे, उद्या नेऊ." ती लेकराला मांडीवर घेऊन प्रार्थना करत बसली. उजाडले तेव्हा मांडी तशीच होती, दानी मात्र नव्हता.

मग ती म्हणाली, "तुम्ही मारलंत त्याला."

तो म्हणाला, "तू बसली होतीस ना देवापुढं? काय दिलं त्यानं?"

ही दोन वाक्ये त्या घरात राहायला आली. थोरली मुलगी सुवार्ता, जिचे दुधाचे दात नुकते पडू लागले होते, ती या दोन वाक्यांच्या मधे झोपे, जेवे. "सुवार्ते, तुझ्या बाला सांग, भाकर झाली." "सुवार्ते, तुझ्या आईला सांग, मला भूक नाही." चुलीपासून ओसरीपर्यंत दहा पावले नव्हती, पण निरोप तिलाच न्यावे लागत.

शेवटी रिबकाचा भाऊ गिदोन आला. नदीपलीकडच्या कासारमाळावर त्याचे घर होते. तालमीत घुमलेला गडी, मानेवर बैलासारखी वळी, आणि आपल्या ताकदीचा भारी तोरा. "माझी बहीण इथं रडत झिजायला दिलेली नाही," तो म्हणाला. भांडी वाटली, गोधड्या वाटल्या. उरले ते जाते.

"जातं तिच्या माहेरचं आहे," गिदोन म्हणाला.

"ते माझ्या घरात रोवलेलं आहे," शमुवेल म्हणाला.

"मग रोवलेलं तुझं, फिरणारं आमचं!" असे म्हणून गिदोनने वरची तळी खुंट्यासकट उपसली, खांद्यावर घेतली आणि नदी उतरला. "दळ आता बोटांनी!" तो पात्रातून ओरडला. काठावरची माणसे हसली. आईचे बोट धरून चाललेल्या सुवार्ताने मागे वळून पाहिले. बा दारात उभा होता आणि तो हसत नव्हता.

मामाच्या अंगणात ती तळी न्हाणीजवळ पडून राहिली. मामा तिच्यावर बसून पाय धुई. संध्याकाळ झाली की रिबका तिच्याशेजारी गुडघे टेकी आणि पुटपुटे, "प्रभू, जिथलं तिथं लाव. माझ्याच्यानं होत नाही."

"काय गं रिबके," मामा ओसरीवरून हाक मारी, "दगडाला नवस बोलतेस होय? आपण ख्रिस्ती ना?" शेजारीपाजारी खो खो हसत. रिबका मान वर करत नसे. सुवार्ता मात्र रोज सकाळी उठून आधी न्हाणीकडे धावे. आईने काल मागितले होते ना! तळी तिथेच असे, मामाच्या पायांच्या पाण्याने ओली.

रविवार जवळ आला तसे बाबा काठी टेकत नदी उतरून कासारमाळावर आले. नदीला तेव्हा घोट्याएवढे पाणी होते. बाबा बाजेवर न बसता त्या तळीशेजारी जमिनीवर बसले.

"रिबके, घरी यायचं आहे?"

"मला ते घर नको, बाबा. तिथं पाळण्याची दोरी टांगलेली आहे अजून."

"मग मागतेस काय?"

"मलाच कळत नाही. जिथलं तिथं लाव, एवढंच तोंडात येतं."

बाबांनी तिला जा म्हटले नाही आणि राहा असेही म्हटले नाही. त्यांचे डोळे भरून आले.

गिदोन मिशीवर हात फिरवत पुढे झाला. "बाबा, पाळी दुसऱ्या घराला द्या की. गावात जात्यांचा दुष्काळ पडलाय का?"

"भाकर याच घरची, गिदोन. दुसरी मी मोडणार नाही."

"मग तुमचं मेज रिकामं राहील!"

"ते रिकामं आहेच. आपण वरून फडकं घालत होतो."

गिदोनला ते झोंबले. त्याने तळीवर पाय ठेवला. "असं? मग तुमच्या देवाला सांगा, घेऊन जा म्हणावं. हिला आणताना माझा खांदा आठवडाभर काळानिळा होता. माझा हात न लागता ही नदीपार गेली, तर भर गावात डोकं टेकीन!"

"टेकशील," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट तो आवाज फार थकलेला वाटला.

निघताना सुवार्ता त्यांना नदीपर्यंत पोचवायला गेली. वाटेत तिने हळूच विचारले, "बाबा, आई रोज मागते. पण तळी हलतच नाही."

"तू हात लावून पाहिलंस?"

"मी? मला कशी उचलेल ती?"

बाबा थांबले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एकटीनं उचल असं कोण म्हणालं, पोरी?"

रविवार उजाडला. हिवरदरीहून घंटेचा आवाज आला. मामा खळ्यावर गेला होता, आई गोठ्यात होती. सुवार्ता न्हाणीजवळ गेली. आईचा जुना धडपा गुंडाळून तिने चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. गुडघे टेकले. आईचेच शब्द तिने म्हटले, "प्रभू, जिथलं तिथं लाव. माझ्याच्यानं होत नाही." आणि तळीच्या कडेखाली बोटे घातली.

बाळांनो, तळी उठली! कापसाची पाटी उचलावी तशी उठली आणि चुंबळीवर बसली. सुवार्ताला हसू आले नाही की भीती वाटली नाही. पाण्याची घागर नेताना मान जशी सरळ ठेवतात, तशी मान ठेवून ती नदीकडे चालू लागली.

नदी घोट्याएवढीच होती. इकडे आभाळ कोरडे होते, पण वर डोंगरात रात्री ढग फुटले होते, आणि ते पाणी आता वाटेवर होते. सुवार्ता मधोमध पोचली तेव्हा वरच्या वळणावर घरघर ऐकू आली. तिला वाटले, कुणीतरी मोठे जाते फिरवत आहे. मग तिला तांबडी भिंत दिसली. काटक्या, फेस, एक अख्खे बाभळीचे झाड.

"सुवार्ते!" मागे काठावर आईची किंकाळी फुटली. खळ्यावरून गिदोन धावत आला. भाची पाण्यात आणि तिच्या डोक्यावर ती तळी! पाहताच त्याने उडी घेतली. कितीही झाले तरी मामा होता तो. पण पाण्याला तालीम ठाऊक नसते. पहिल्याच लोंढ्याने त्याला लाकडासारखे फिरवले.

समोरच्या काठावर बाबा ओल्या वाळूत गुडघ्यांवर होते. हात वर, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. त्यांच्या मागे, घरघर ऐकून धावत आलेले अख्खे गाव उभे होते, आणि गावाच्याही मागे एकटा शमुवेल.

लोंढा सुवार्तावर आदळला, आणि त्याच क्षणी डोक्यावरची तळी जड झाली. पण मान मोडेल असे ते जडपण नव्हते. ते अंगातून खाली उतरले, गुडघ्यांत, टाचांत, आणि तिची पावले नदीच्या तळाला रोवल्यासारखी झाली. पाणी छातीला लागून दोन्ही बाजूंनी निघून गेले. लोंढा सरला की तळी पुन्हा हलकी होई, तेवढ्यात ती एक पाऊल टाकी. पुढचा लोंढा आला की पुन्हा जड.

इतक्यात कुणीतरी वाहत येऊन तिच्या पायाशी आदळले. तो मामा होता, नाकातोंडात पाणी गेलेला.

"मामा," सुवार्ता म्हणाली, "माझा परकर धर."

आणि त्या पहिलवानाने तिचा परकर धरला, घट्ट, दोन्ही मुठींनी. असे ते काठाला लागले. पुढे इवलीशी पोर, डोक्यावर दगड, आणि मागे गुडघ्यांवर सरपटत मामा. गिदोन खोकत उठला आणि तिच्या डोक्यावरून तळी उतरवायला गेला. हात लागताच त्याचे खांदे खाली गेले. तळी त्याच्या हातून निसटून वाळूत रुतली आणि त्याला ती जागची हलवेना.

"शमुवेल," बाबा म्हणाले, "हिला हात लाव."

दोघे मेहुणे एकमेकांकडे न बघता वाकले. दोघांनी मिळून ती उचलली आणि वाटेत अनेकदा खाली ठेवत घरापर्यंत नेली; मागोमाग बाबा आणि सगळे गाव आले.

थोड्या वेळाने पाणी ओसरले तशी रिबका नदी उतरून आली. कुणी तिला बोलावले नव्हते. ती उंबऱ्यावर थबकली. आत पाळण्याची दोरी तशीच लोंबत होती. खालच्या तळीवर धूळ साचली होती आणि कोळ्याने जाळे विणले होते. तिने पदराच्या टोकाने ते पुसले. वरची तळी बसवली गेली. दगडावर दगड टेकल्याचा आवाज झाला.

मग शमुवेल बोलला. या वेळी निरोप सुवार्ताच्या हाती नव्हता.

"मी उद्या म्हणालो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी मी उद्या म्हणालो. आणि दोष तुझ्या प्रार्थनेला दिला."

रिबकाने भिंतीला डोके टेकले. "मी तुम्हाला नको ते बोलले. त्याचे बाप होतात तुम्ही." मग तिला रडू फुटले, आणि तो तिच्याजवळ गेला नाही, पण बाहेरही गेला नाही. तिथेच खाली बसला आणि त्यानेही डोळे पुसले. दानी काही परत येणार नव्हता. ते दोघांना ठाऊक होते, बाबांनाही.

गिदोन दारात ओलाच उभा होता. त्याने डोक्याचे भिजलेले फडके काढले आणि सगळ्या गावादेखत बाबांच्या पायांवर डोके ठेवायला वाकला. बाबांनी पाय मागे घेतले. "इथं नको, गिदोन. तू जिला हसलास, ती प्रार्थना माझी नव्हती."

तेव्हा तो गडी बहिणीकडे वळला. जात्याशेजारी, तिच्यासमोर त्याने गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावले. "रिबके," तो म्हणाला, "मला शिकव ती प्रार्थना." रिबकाने त्याच्या ओल्या केसांवर हात ठेवला.

बाजरीचे सूप कुणीतरी आणून ठेवले. रिबका जात्याच्या एका बाजूला बसली, शमुवेल समोर. आधी तिने खुंट्याला हात लावला, मग त्याने. दोघांचे हात एकावर एक आले, पण खुंटा फिरेना. ती त्याची वाट पाहत होती, तो तिची. बाबांनी मान खाली घातली आणि वाट पाहिली.

मग सुवार्ता पुढे झाली. दोघांच्या मधे नेहमीच्या जागी बसली, सुपातली बाजरी इवल्याशा मुठीत घेतली आणि जात्याच्या तोंडात पहिला घास घातला.