पिल्लाचं सामान

"बाबा, बघा बरं, आता आणखी काय राहिलं?"

अच्युत कुलथ्यांनी हे विचारलं तेव्हा मठाच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. स्टीलच्या वाट्या, कापसाची गादी, गळ्याचा पट्टा, साखळी, रबरी चेंडू, चावायला हाड, दुधाच्या पावडरचा डबा, अंगाला लावायचा साबण आणि वर एक लाल स्वेटर. सगळं कोरं करकरीत.

कुलथे शहरातले सराफ. दर गुरुवारी टेकडी चढून मठात यायचे. करायचं ते उत्तमच करायचं हा त्यांचा बाणा, आणि तो चारचौघांत बोलून दाखवायलाही त्यांना कधी संकोच वाटला नाही.

मठातली ठकी कुत्री व्याली होती. तिचं एक पिल्लू त्यांना हवं होतं.

दगडूनाथबाबांनी एक वाटी उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली. मग गादी उचलली. तीही नाकाशी नेली, खाली ठेवली. मग स्वेटर.

"बाबा, वास कसला घेताय? सगळं नवं आहे."

"त्येच बघतुया."

कुलथ्यांना वाटलं, ही शाबासकी आहे. ते जरा सैलावून बसले.

"पिल्लू कुनासाठी नेतूस?"

"भाचीसाठी. गौरासाठी. बहीण गेली तेव्हापासून पोर माझ्याकडेच आहे."

"रमली?"

कुलथ्यांनी चेंडू उचलला आणि परत जागच्या जागी ठेवला.

"मी काही कमी केलं नाही, बाबा. स्वतंत्र खोली दिली. पलंग, टेबल, कपडे, सगळं नवं घेतलं. येताना तिनं एक गोधडी काखेत धरून आणली होती, तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची. इतकी कळकट! ती मी माळ्यावर टाकली, एकदा धुऊन घेऊ म्हणून."

"मंग?"

"मग काय... पोर झोपत नाही. रडतही नाही. नुसती छताकडे बघत पडून राहते. घरचे म्हणतात, दिवाळीपर्यंत रमली नाही तर वसतिगृहात घालू. मला ते नकोय, बाबा. माझ्या बहिणीची ही एवढीच खूण आहे. पिल्लानं तरी तिचं मन लागेल."

बाबा उठून ठकीजवळ गेले. तिच्या अंगाखाली गोणपाटाचा एक तुकडा होता. तो ओढताना ठकी गुरगुरली. बाबांनी तिला थोपटलं, तुकडा तिच्या पोटावरून फिरवला आणि कुलथ्यांपुढे धरला.

"ह्ये ने. बाकीचं ऱ्हायलं तरी चालंल."

कुलथ्यांनी तो चिमटीत धरला. नाक मुरडलं, पण गुरूचा शब्द मोडायचा कसा? पिशवीत सगळ्यांत खाली तो तुकडा, वर सामान आणि हातात पिल्लू, असे ते टेकडी उतरले.

पुढचा गुरुवार उजाडायच्या आधीच ते परत आले. पिल्लू छातीशी धरलेलं. दाढी वाढलेली. सराफाचा तो रुबाब कुठल्या कुठे गेला होता.

"बाबा, माझं काहीतरी चुकतंय आणि काय चुकतंय ते कळत नाही."

"बस."

"दूध दिलं, पीत नाही. गादीवर ठेवलं की उतरतं आणि दारापाशी जाऊन केकाटतं. स्वेटर घातला तर थरथरतं. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला सामान बरोबर आहे. मग बिघडलंय कुठे?"

"गोनपाट कुठं हाय?"

कुलथ्यांनी पिशवीतून तो काढला. चौकोनी घडी. मूळचा मातकट रंग जाऊन चांगला उजळला होता.

"गरम पाण्यातून काढला. जंतू असतात, बाबा. शेवटच्या पाण्यात थोडं गुलाबपाणीही घातलं."

गुरूनं दिलेली वस्तू शिष्यानं अशी जपली की मठात कौतुक होतं. इथे मात्र बाबांनी कपाळाला हात लावला...

"पोर काय म्हनली?"

"ती कुठे काय म्हणते? तिनं तो उचलला, नाकाशी नेला आणि माझ्या हातात परत दिला."

"मंग?"

"मग पिल्लाला पोटाशी धरून बसली आणि..." कुलथ्यांनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. "रडायला लागली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच. एकीकडे पिल्लू, एकीकडे ती. मी दोघांच्या मधे चेंडू घेऊन उभा. कोणाला काय देऊ? घरात नाही अशी एक वस्तू नाही, बाबा, आणि दोघंही उघड्यावर पडल्यासारखी रडतात."

बाबांनी तो धुतलेला तुकडा ठकीपुढे टाकला. ठकीनं हुंगला. तोंड फिरवलं.

मग त्यांनी पिल्लू तिच्याजवळ सोडलं. ठकीनं त्याला नखशिखांत चाटलं. पिल्लू तिच्या पोटाशी घुसलं आणि बघता बघता झोपी गेलं. ना गादी, ना स्वेटर.

कुलथे बघत राहिले. काहीतरी समजतंय असं वाटे आणि लगेच हातून निसटे.

"म्हणजे पिल्लू इथेच ठेवू?"

"न्हाई."

"मग दुसरी गादी आणू? जरा मऊ?"

"न्हाई."

"मग आणू तरी काय?"

बाबांनी तोच तुकडा पुन्हा ठकीच्या अंगाखाली सारला आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले. कुलथेही बसले. ऊन ओट्यावरून खाली उतरलं.

ठकी उठून पाणी प्यायला गेली तेव्हा बाबांनी तुकडा काढला. त्याला माती लागली होती, केस लागले होते, दुधाचा ओशट वास येत होता. झोपलेलं पिल्लू त्यातच गुंडाळून त्यांनी कुलथ्यांच्या मांडीवर ठेवलं. पिल्लानं डोळे उघडले नाहीत.

कुलथ्यांनी या वेळी नाक मुरडलं नाही. उठले, पाया पडले, पायऱ्या उतरू लागले.

"अच्युता..."

ते वळले.

"माळ्यावरची ती गोधडी... अजून धुवाया टाकली न्हाईस न्हवं?"