सरदारांचं प्रस्थान

दाजीराव सरदारांना प्रवासाचा भारी कंटाळा. पण मुहूर्त चुकवायचा नाही, म्हणून ते प्रस्थान ठेवत. सुपारी, तांदूळ आणि शेला गाठोड्यात बांधून वेशीवरच्या देवळात पाठवला, की झालं, सरदार निघाले! मग स्वतः गढीत आडवे.

नदीपलीकडच्या वाडीला नाव हवी होती. "जागा बघितल्याशिवाय मंजुरी नाही," असं सरदारांनीच ठरवलेलं. तीनदा प्रस्थान झालं, सरदार हलले नाहीत. पावसाळा आठवड्यावर आला. वाडीत दोघींचे दिवस भरत आलेले, आणि सुईण येसूबाई राहायची नदीच्या अलीकडे. तिला घरात बसवेना. ती गढीवर गेली.

"सरकार, निघणार कधी?"

उत्तर सरदारांशेजारी बसलेल्या शास्त्रीबुवांनी दिलं. "अगं, 'स्था' म्हणजे उभं राहणं, 'प्र' म्हणजे पुढे. गाठोडं पुढे जाऊन उभं राहिलं, की सरकारच गेले. गाठोडं म्हणजे साक्षात सरकार!"

"खरंच, सरकार?"

"मग काय खोटं?" दाजीराव लोडावरून गुरगुरले.

येसूबाईच्या हातातली पदराची चाळवाचाळव थांबली. "मग माझा जीव भांड्यात पडला बघा. काल आम्ही सरकारांना देवळातून डोक्यावर घेऊन नदीकाठी नेलं. ओवाळलं, जागा दाखवली, नाव बांधू का म्हणून तीनदा विचारलं. सरकार नको म्हणाले नाहीत. तुमच्या सुतारांनी लाकूड कापायला घेतलंय."

"आणि माझा शेला?" दाजीराव ताडकन उठले.

"सरकार तिथंच बसलेत की, देखरेखीला. नाव पाण्यात उतरल्याशिवाय हलायचे नाहीत."