निंबारखेड स्टेशनची गोडी विहीर

निंबारखेडला उतरलात, की फलाटामागे दगडी बांधणीची विहीर दिसते. तिच्यावर कोणी स्वतःसाठी पाणी काढत नाही. तुम्ही दुसऱ्याला काढून द्यायचे, दुसऱ्याने तुम्हाला. नवखा माणूस दोराला हात घालू लागला, की रुळांचे सांधे बदलणारे जुने पॉइंट्समन उकंडराव त्याला थांबवतात आणि पारबताबाईची हकिकत सांगतात.

हा मुलूख खारपाणपट्ट्याचा. कापूस उदंड, पण जमिनीखालचे पाणी खारट. रेल्वेमार्ग आखायला साहेब आला, तेव्हा गावात जिनिंगचा कारखाना नुकताच निघाला होता. रुई बैलगाड्यांनी तीन दिवसांची वाट चालून अकोल्याला जाई. स्टेशन झाले तर गावाचे भले होणार होते. पण खाऱ्या पाण्याने इंजिनाचा बॉयलर खराब होतो, आणि गोडे पाणी होते एकाच विहिरीला, पारबताबाई तालेंच्या शेतातल्या.

पारबताबाई विधवा, एकटीने शेत करणारी. जिनिंगात सरकी निवडणाऱ्या बाया गावकुसाबाहेरच्या. त्यांनी विहिरीला शिवायचे नाही, कोणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचे, हा सासऱ्याने घातलेला नियम तिनेही वर्षानुवर्षे पाळला. एका उन्हाळ्यात तान्ही नावाच्या बाईची सासू पाणी ओतणाऱ्याची वाट पाहत काठाशी बसली, ती उठलीच नाही. म्हणे, पारबताबाईने तिला लांबून पाहिले होते. ती कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होती; एवढी ओळ संपवून जाऊ, असे तिने मनाशी म्हटले. ओळ संपली तेव्हा उशीर झाला होता. पुढे कितीतरी दिवस तिला अन्न गोड लागले नाही.

साहेब विहीर मागायला आला तेव्हा ती म्हणाली, “फुकट घ्या. पन जो येईन त्याच्या हाती दोर द्या. कोनालेच नाही म्हनाचं नाही.”

साहेबाने तसे लिहून दिले. दिराने बोलणे टाकले. ज्या विहिरीवर सगळे चढणार तिथे आपण पाय ठेवायचा नाही, असे गावाने ठरवले.

गाडी सुरू झाली. इंजिन पाणी पिऊन पुढे गेले, पण विहिरीचा काठ ओस. गाव येईना, आणि गावाच्या धाकाने गावकुसाबाहेरची वस्तीही येईना. पारबताबाई रोज सकाळी जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी गाडी फलाटाला उभी असताना तान्ही आली.

“तान्हे, मले पानी काढून दे,” पारबताबाई म्हणाली.

“तुमाले गाव फक्त वाळीत टाकन, बाई. माह्यं घर जाळन.”

तरी तान्हीने दोर हातात घेतला. मग म्हणाली, “माही सासू वाट पाहून मेली. मी काढते तुमच्यासाठी. पन मंग माह्यासाठी तुमी काढा. नुसतं ओतलेलं पानी आता मी पिनार नाही.”

तान्हीने घागर ओढली, पारबताबाई तिच्या हातून प्यायली. मग पारबताबाईने ओढली. डब्यांच्या खिडक्यांतून माणसे पाहत होती.

तान्हीचे घर जळले नाही. बाकीच्या बाया पंधरा दिवस तिच्या दाराशी पाळीपाळीने पहाऱ्याला बसल्या, असे सांगतात. पारबताबाई मात्र मरेपर्यंत वाळीत राहिली. तिला खांदा जिनिंगच्या बायांनीच दिला. पुढे एका दुष्काळात गावातले खारट आडही आटले. तेव्हा गाव घागरी घेऊन स्टेशनावर आले, आणि तिथला रिवाज त्यालाही पाळावा लागला.

त्यानंतर रुईच्या गठाणी बांधणारा प्रेस आला, तेलाची गिरणी आली, आणि एकेक करून सगळे बंद पडले. इंजिनाला आता पाणी लागत नाही. दिवसातून दोन पॅसेंजर थांबतात.

आजही एखादा तहानलेला एकटाच आला, तर काठावर बसून राहतो. आणि तो बसलेला ज्याला लांबून दिसतो, तो हातातले काम तसेच टाकून येतो.