गुप्त्यांचा समुद्र

“पण चांगला समुद्र नक्की कुठं मिळतो, बुवा?”

जोमाबुवांनी मान वर केली नाही. मिठागराच्या बांधावर उकिडवे बसून ते वाफ्यातल्या पाण्यात बोट फिरवत होते.

“चांगला म्हंजे कसा?”

“स्वच्छ. ताजा. कसलीही भेसळ नसलेला. चाळीस लिटर हवाय.”

अच्युत गुप्ते हातात दोन रिकामे कॅन घेऊन उभे होते. डोक्यावर चैत्राचं ऊन, पायात चकचकीत बूट. एकतीस वर्षं जहाजावर काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळे महासागर पालथे घातले, आणि आता पेणजवळच्या एका मिठागरात येऊन समुद्र मागायची पाळी आली. हे त्यांच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं.

जोमाबुवा मोकलांचा जन्म याच बांधांवर गेला होता. वय पंचाहत्तरच्या पुढे, पावलांना मिठाच्या भेगा. संध्याकाळी गावच्या देवळात भजन सांगायचे म्हणून बुवा. शोभेचे मासे विकणारा एक दुकानदार गुप्त्यांना म्हणाला होता, खाऱ्या पाण्याचं काही अडलं तर त्यांना गाठा. हे ऐकून गुप्ते मनातल्या मनात हसले होते. तरी आले होते, कारण आता दुसरं काही सुचत नव्हतं.

“समुद्र कशाला हवा?” बुवांनी विचारलं.

“घरात ठेवलाय. काचेच्या टाकीत.”

आता मात्र बुवांनी मान वर केली.

मग गुप्ते सुरू झाले. या विषयावर ते एकदा सुरू झाले की पाहुणे घड्याळाकडे बघू लागत. चार फुटी टाकी. आत लाटा उठवणारे दोन पंप. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र. सकाळी हळूहळू उगवणारा आणि संध्याकाळी हळूहळू मावळणारा दिवा. तळाशी पांढरी वाळू, वर सच्छिद्र खडक. खडकाच्या फटीत एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जीव, आणि त्याच्या पाकळ्यांत राहणारी नारिंगी माशांची जोडी. शिवाय कुणीतरी घरच्याच टाकीत वाढवलेल्या मऊ प्रवाळाचे बोटभर तुकडे.

“आनी वारा?”

“वारा कशाला? हां, वर पंखा आहे. पाणी तापू नये म्हणून. दिवसभर चालू असतो.”

“हाय तर वारा,” बुवा म्हणाले, आणि पुन्हा वाफ्याकडे बघू लागले.

गुप्त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही.

“मंग बिगडला काय?”



“समुद्रफूल मिटलंय. बारा दिवस झाले. आधी ताटाएवढं उमललेलं असायचं, आता मुठीएवढं झालंय. मासे त्याच्याजवळ जात नाहीत. प्रवाळ काळवंडलाय. दुकानदार म्हणतो, आणखी चार दिवस. फार तर पाच.”

“बिगडाया लागला कवापासून?”

“मी परत आल्यापासून.”

हे वाक्य तोंडून गेलं आणि गुप्त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी घाईघाईने खुलासा सुरू केला.

टाकी मांडली, सगळं स्थिरस्थावर झालं, आणि कंपनीचं बोलावणं आलं. शेवटची फेरी, तीन महिन्यांची. निघताना त्यांनी काचेवर पाण्याच्या पातळीला काळी पट्टी चिकटवली. बायकोला, मृदुलाला, बजावलं की पाणी या रेघेखाली जाता कामा नये. स्वयंपाकघरामागे मीठ कालवून तयार केलेल्या पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली. झाकणांवर तारखा घातल्या.

“परत येऊन बघतो तर दोन्ही पिंपं जशीच्या तशी! हिनं तीन महिने टाकीत काय घालावं? प्यायचं पाणी! फिल्टरचं! समुद्रात, बुवा, तांब्याने प्यायचं पाणी!”

बुवा हसले नाहीत.

“आनी फूल?”

“फूल… तेव्हा ठीक होतं.”

“ठीक?”

“उमललेलं होतं,” गुप्ते खाली बघत म्हणाले. “नशीब म्हणायचं.”

ते नुसतं उमललेलं नव्हतं. मृदुला रोज सकाळी त्याचा फोटो जहाजावर पाठवायची. आज मासा पाकळीत झोपला. आज खडकावर नवा कोंब दिसला. एकतीस वर्षं ती विचारत आली होती, समुद्राच्या आत असतं तरी काय हो? आणि गुप्त्यांनी तिला कधी खरं सांगितलं नव्हतं, की आपण इंजिनरूममध्ये असतो, आपल्याला तिथून लोखंडाशिवाय काही दिसत नाही. ही टाकी त्या एकतीस वर्षांची भरपाई होती. सगळा समुद्र तिच्या खुर्चीसमोर आणून ठेवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि परत आल्याच्या दिवशीच ते तिच्यावर ओरडले होते. दारात बॅग तशीच पडलेली असताना.

तेव्हापासून मृदुलाची खुर्ची टाकीसमोर नव्हती. ती खिडकीपाशी गेली होती. जेवायला वाढणं, चहा देणं सगळं वेळेवर. पण टाकीकडे ती नजरसुद्धा टाकत नव्हती. फूल मेलं असतं तर गुप्त्यांनी दुसरं आणलं असतं. ती खुर्ची परत कशी आणायची, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ती परत येणारच नाही, हीच त्यांची खरी भीती होती.

“आता मी स्वतः घालतो,” ते म्हणाले. “रोज तीन लिटर. पाकिटातलं मीठ मोजून कालवतो, मीटर लावतो. काटा एका दाण्याने हलत नाही. तीन आठवडे झाले. म्हणजे दोष त्या पाकिटातल्या मिठातच असणार. म्हणून म्हटलं, खरा समुद्रच न्यावा.”

बुवा उठले. गुडघे कुरकुरले.

“चला.”

“भरतीचं पाणी आत घेतात त्या दाराकडे?”

“चला तर.”

पहिल्या वाफ्यापाशी बुवा थांबले. पाणी मातकट होतं, घोटाभर.

“चाखा.”

“हे?”

“मंग काय चाखणार? बूट?”

गुप्त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली. खारट. नेहमीचा समुद्र.

पुढच्या वाफ्यात पाणी जरा नितळ होतं. त्यांनी पुन्हा चाखलं आणि तोंड वाकडं केलं. तिसऱ्या वाफ्यातल्या पाण्याने जीभ चरचरली. चौथ्या वाफ्यात पाणी असं नव्हतंच. कडेला पांढरे खडे धरले होते आणि मधे तेलासारखं जाड काहीतरी चमकत होतं.

“बाटली आनलीव?”

टाकीतलं पाणी तपासणीसाठी भरून आणलेली बाटली गुप्त्यांच्या खिशातून डोकावत होती. बुवांनी दोन थेंब तळव्यावर घेतले, जिभेने टिपले, आणि डोळे मिटले…

“हा दुसऱ्या वाफ्याचा पानी हाय.”

“छे! माझ्या टाकीतलं आहे ते. आज सकाळी काढलंय.”

“असंल. पन हाय दुसऱ्या वाफ्याचा.”

“अशक्य. मी दररोज मीटर लावतो, बुवा.”

“कशाला लावता?”

“पाण्याला!”

“कंच्या?”

“मी घालतो त्या. कालवलेल्या.”

“आनी टाकीतल्या?”

टाकीतल्या पाण्याला गुप्त्यांनी मीटर लावलाच नव्हता.

दूर खाडीकडून वारा येत होता. वाफ्यांवरच्या पाण्यात बारीक बारीक सुरकुत्या पडत होत्या.

“साहेब,” बुवांनी चौथ्या वाफ्याकडे हात केला, “यात मीठ कोनी टाकला?”

“कुणी नाही. समुद्रातच असतं ते.”

“पयल्या वाफ्यात एवढा होता?”

“नाही.”

“मंग आला कुठून?”

“आलं कुठून म्हणजे? पाणी उडून जातं आणि मीठ…”

वाक्य तिथेच राहिलं.

जहाजावर इंजिनशेजारी एक यंत्र असे. समुद्राचं पाणी तापवायचं, वाफ धरून गार करायची, की प्यायचं पाणी तयार. उरलेलं जहाल खारं पाणी परत समुद्रात. एकतीस वर्षं त्यांनी ते यंत्र चालवलं होतं. नव्या पोरांना शिकवलं होतं. रात्रपाळीच्या वहीवर सह्या केल्या होत्या. वाफ होते ती पाण्याची, मिठाची नाही, हे वाक्य त्यांनी किती पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं असेल, त्याची गणती नव्हती.

आणि घरी वर पंखा लावून, खालून रोज तीन लिटर खारं पाणी ओतून, त्यांनी दिवाणखान्यात मिठागर काढलं होतं.

ते मटकन बांधावर बसले. चकचकीत बूट चिखलात गेले ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवसाचं भांडण त्यांना आता सगळंच्या सगळं आठवलं. ते ओरडत होते तेव्हा मृदुला फक्त एकदाच बोलली होती. हातात तोच तांब्या होता.

“अहो, आमटी आटली तर आपण पाणीच घालतो ना? पुन्हा मीठ कुठं घालतो?”

आणि ते म्हणाले होते, “हा समुद्र आहे, मृदुला. तुझी आमटी नाही.”

तिने तांब्या ओट्यावर ठेवला होता. हळूच ठेवला होता. आदळला असता तर बरं झालं असतं, असं गुप्त्यांना आत्ता वाटलं.

बुवा झोपडीत गेले. या खारट जमिनीत गोडं पाणी लागत नाही. गावातून कळशीने आणावं लागतं. तसल्या पाण्याचा गडवा भरून त्यांनी गुप्त्यांपुढे धरला. गुप्ते घटाघटा प्याले. तोंडातला चारही वाफ्यांचा खारटपणा हळूहळू उतरला.

“वाचेल का हो, बुवा?”

“सुकला नाय ना अजून?”

“नाही. आज सकाळी हात लावला तर जरासं हललं.”

“हलला म्हंजे हाय.”

गुप्त्यांच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. ते ताडकन उठले. एकदा दोष सापडला की त्यांच्यातला इंजिनियर गप्प बसत नसे. एका हाताने खिशातून फोन काढला, दुसऱ्या हाताच्या बोटांवर हिशेब चालू झाला.

“एकदम उतरवून चालणार नाही. धक्का बसेल. जुनं पाणी थोडं काढायचं, फिल्टरचं थोडं घालायचं, असे आठ दिवस. मृदुला घरीच आहे. तिला आत्ताच सांगतो, अर्ध्या तासाने एक लिटर, मग पुन्हा मीटर, मग…”

फोनवर तिचं नाव उजळलं.

बुवांनी पुढे होऊन फोनवर तळवा ठेवला. मोठा, खरखरीत तळवा. नाव झाकून गेलं.

“काय सांगताव तिला?”

“किती पाणी घालायचं ते.”

“तुमाला म्हायती हाय?”



वाफ्यावर एक बगळा उतरला. दोन पावलं चालला आणि मन बदलल्यासारखा उडून गेला.

“तीन म्हयने घातलाव तुमी?”

“नाही.”

“मीटर व्हता तिच्यापाशी?”

“नाही… तांब्या होता.”

“आनी फूल?”

“ताटाएवढं,” गुप्ते म्हणाले. या वेळी त्यांनी नशीब हा शब्द काढला नाही. “ताटाएवढं फुललं होतं, बुवा. रोज फोटो पाठवायची. मी बोटीवरच्या सगळ्यांना दाखवायचो. आणि घरी आल्यावर तिला एकदाही म्हटलं नाही, की तू हे जगवलंस.”

बुवांनी तळवा काढला. फोनच्या काचेवर मिठाचा पांढुरका ठसा उमटला होता. त्याच्या आत तिचं नाव पुन्हा दिसू लागलं.

त्यांनी दोन्ही कॅन उचलले, रिकामेच, आणि गुप्त्यांच्या हातात दिले.

“समुद्र न्यायचा नाही?”

“तुमच्याकडं जास्त झालाय.”

गुप्ते बांधावरून चालू लागले. दहा-पंधरा पावलं गेले आणि वळले. राहवलं नाही.

“बुवा, निदान एवढं तरी सांगा. रोज किती घालायचं?”

जोमाबुवा पुन्हा वाफ्यापाशी उकिडवे बसले होते. पाण्यात बोट होतं, आणि मान त्यांनी वर केली नाही.

“तिला इचारा. आनी ती सांगंल तवा, साहेब… मोजू नका.”