ठमाबायची आण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या उंबरदऱ्यात तेव्हा गाडीवाट पडली नव्हती आणि मीठ आणायलाही दोन घाट उतरावे लागत. नीट ऐका, आणि मध्येच उठून जाऊ नका. ही अर्धी ऐकायची गोष्ट नाही.

त्या काळी दऱ्यात ठमाबाय नावाची एक बाई राहत होती. कोंबड्यांचं तिला जेवढं कळे, तेवढं कोंबड्यांनाही कळत नसेल. अंडं उन्हाकडे धरून ती सांगे, यात जीव आहे की नाही. कुणाची कोंबडी खुडूक बसली की आधी बोलावणं ठमाबायला जाई. असं म्हणतात, की तिनं हाक मारली की अंड्यातलं पिल्लू आतूनच ओ देई.

तिला एकच लेक होता, चिंधू. चार मुलं गेल्यावर झाला म्हणून दृष्ट लागू नये यासाठी शेजारणीला देऊन चिंधीच्या बदल्यात परत विकत घेतलेला. दऱ्यातली पोरं तेव्हा पिल्लांसाठी वाळवी आणत. वारूळ एका बाजूनं उकरायचं, पांढरी वाळवी द्रोणात भरायची आणि अंगणात आणून ओतायची. पिल्लं तुटून पडत. चिंधू दहा वर्षांचा असताना असाच गेला. त्यानं वारुळात हात घातला, आणि आत नाग होता. पोरगं घरापर्यंतसुद्धा पोचलं नाही.

तिसऱ्या दिवशी ठमाबाय साऱ्या वाडीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हितनं पुढं ह्या दऱ्यातल्या एकाबी वारुळाला कुनी हात लावायचा न्हाई. तुमाला माझ्या चिंधूची आण हाय."

आईनं मेलेल्या लेकराची आण घातली, ती कोण मोडणार? माणसांनी त्याच दिवशी प्रत्येक वारुळाभोवती बाभळीचे काटे रचले. जाणारा-येणारा वारुळाला वळसा घालून जाई आणि जाताना म्हणे, चिंधूची आण आहे बाबा. ते ऐकलं की ठमाबायच्या जिवाला जरा थंडावा मिळे.

मग पिल्लांना काहीतरी झालं. अंड्यातून येताना असते ती लव झडू लागली, पण तिच्या जागी पिसं येईनात. महिन्याचं पिल्लू झालं तरी पाठ उघडीच, आणि पंखांच्या जागी दोन काड्या. अंगही भरेना. थंडी पडली की ती उघडी पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढत आणि सकाळी वर झाकलेलं डालगं उचललं की खालची मेलेली असत. असे तीन हिवाळे गेले. म्हाताऱ्या कोंबड्या तेवढ्या उरल्या. ठमाबायनं कण्या भरडून घातल्या, हळद लावली, पिल्लं पदरात घेऊन बसली. काही उपयोग झाला नाही.

चौथ्या हिवाळ्यात भगतानं कौल लावला. म्हणाला, "देवी कोपलीया. पौषाच्या अवसेला दऱ्यातली एकूण एक कोंबडी तिला द्या."

"भगतबाबा, बियाणंच खाल्लं तर पेरायचं काय?" ठमाबायनं विचारलं.

"मंग तू सांग ठमाबाय, पिसं का येत न्हाईत?"

साऱ्या दऱ्याला शिकवणारी बाई त्या दिवशी खाली मान घालून घरी गेली. अवसेला बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी एक नवल झालं. तिची एक बांडी, काळ्या-पांढऱ्या पिसांची कोंबडी पिल्लांसकट रानात गेली होती आणि तिला रानमांजरानं खाल्लं असं सगळे धरून चालले होते. ती परत आली. मागे सहा पिल्लं. वय वाडीतल्या उघड्या पिल्लांएवढंच, पण अंगभर पिसं आणि शेपट्या वर! ठमाबायनं एकेक पिल्लू हातात घेऊन पंख उलगडून पाहिले. मग ती दुपारी बांडीच्या मागोमाग निघाली.

बांडी सरळ चिंधूच्या वारुळाकडे गेली आणि काट्यांखालून आत शिरली. वारूळ एका अंगानं खवल्या मांजरानं फोडलेलं होतं. तिथं ती उकरत होती आणि पिल्लं वाळवी टिपत होती. कोंबडीला आण ठाऊक नव्हती.

ठमाबाय तिथंच खाली बसली. तिला सगळं कळलं. आपल्याच शब्दानं चार वर्षं पिल्लं उपाशी राहिली, या विचारानं तिला फार वाईट वाटलं. पण त्याहून मोठं दुःख दुसरंच होतं. आण सोडली, तर वळसा घालताना चिंधूचं नाव घेणारं कोण उरणार? पोराचं दुसरं काहीच मागे राहिलं नव्हतं. दोन दिवस घरात चूल पेटली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना वारुळापाशी बोलावलं, बांडीची पिल्लं दाखवली आणि म्हणाली, "माझ्या लेकराची आण सुटली."

कुणी पुढं येईना. शेवटी एक लेकुरवाळी भीतभीत म्हणाली, "मावशे, आण सुटली, पर नाग कुटं सुटलाय?"

"खरं हाय तुझं," ठमाबाय म्हणाली. तिनं काटे बाजूला केले आणि वारुळात हात घातला. थेट खांद्यापर्यंत.

असं म्हणतात, की नाग बाहेर आला. तो तिच्या हातावरून खांद्यावर चढला आणि कानाशी फणा धरून बसला. सावल्या लांबेपर्यंत ती हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं. नाग तिला काय बोलला ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मग तो उतरून रानात गेला.

असंही म्हणतात, की तिनं हात बाहेर काढला तेव्हा तो बोटांपासून खांद्यापर्यंत वाळवीनं पांढरा झाला होता. तो हात तसाच ताठ धरून ती वाडीभर फिरली, दारोदारी वाकली, आणि पिल्लांनी किती टिपलं तरी वाळवी सरली नाही. सांजेपर्यंत पिल्लांना पिसं फुटली, असं माझी आजी सांगायची. मला विचाराल तर सात-आठ दिवस तरी लागलेच असतील. आजीला गोष्ट संपवून झोपायची घाई असायची.

अवसेला भगत टोपली घेऊन आला. अंगणाअंगणांत पिल्लं पंख झाडत होती. त्यानं ते पाहिलं, टोपली उपडी घातली आणि म्हणाला, "देवीला औंदा नारळ पुरे." भगत वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डालग्यात पिल्लं मेली होती.

ठमाबाय पुढं पुष्कळ वर्षं जगली, आणि ती होती तोवर पहिला हात दुसऱ्या कुणाला घालू दिला नाही तिनं. आता ती नाही. पण अजूनही आपल्याकडे दिवाळी झाली, पिल्लं निघाली, की वारुळावर पोरं आधी जात नाहीत. आधी वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई जाते. सगळ्यांत म्हातारी कोण, यावरून दरसाल भांडणही होतं, कारण एरवी वय चोरणाऱ्या बायाही त्या दिवशी दहा वर्षं वाढवून सांगतात. वाळवी घेऊन झाली की वारुळाची फोडलेली बाजू ओल्या मातीनं लिंपतात आणि पिल्लाचं झडलेलं पहिलं पीस त्यात खोचतात. ते चिंधूचं.

औंदा मान ताराआजीचा होता. नव्वदी उलटलेली, काठी टेकत आलेली. ते पाहून तिची नातसून पुढं झाली आणि म्हणाली, "आजे, तुमी ऱ्हाऊ द्या, म्या घालते."

आजीनं तिला कोपरानं मागं ढकललं.

"सरक मागं पोरी. तुझं जगायचं ऱ्हायलंय अजून."

आणि तिनं वारुळात हात घातला.