सगुणेचं सुतक

एकदा एक म्हातारा तांबट दिवसाढवळ्या, सगळ्या आळीदेखत, अंगावरच्या कपड्यांसकट विहिरीवर आंघोळ करून आला आणि म्हणाला, "भट्टी विझवा. आपल्याकडे सुतक आहे." घरातलं तर कोणीच गेलेलं नव्हतं. त्यानं असं का केलं ते सांगतो. ऐकून झाल्यावर हसायचं तर हसा.

त्याचं नाव भिकोबा. तांब्याचे हंडे-घागरी घडवण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली जनू नावाचा शिष्य होता. शिष्य म्हटल्यावर कोवळा पोरगा डोळ्यांपुढे आणू नका. हा बत्तीस वर्षांचा, मिशीवाला, दोन लेकरांचा बाप होता. अकरा वर्षं शिकत होता. वस्तादाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा पुढे कारखाना जनूच चालवणार हे ठरलेलं होतं.

या जनूला एक खोड होती. वाचनालयातून तो जाडजाड कादंबऱ्या आणायचा. वाचून गप्प बसला असता तर कोणाची तक्रार नव्हती. पण पुस्तक मिटलं तरी हा त्यातून बाहेर यायचा नाही. समोर हंडा, हातात हातोडा आणि नजर कुठल्यातरी बंदरावर. तिथल्या माणसांशी ओठ हलवून बोलायचासुद्धा. कामगार विचारायचे, "जनूभाऊ, आज मुक्काम कुठे?" तोही खुशाल सांगायचा.

एक दिवस सकाळी तो कामावर आला तो रडूनच. ऐरणीपाशी बसला आणि ठोके घालायला लागला. तांब्यावर ठोका कसा शेजारी शेजारी पडायला हवा. याचे एकाच जागी पडत राहिले, पत्रा पातळ झाला आणि हंड्याच्या बुडाला भोक पडलं. नेमके त्याच वेळी पोपटशेट दारात उभे. कारखान्याचा सगळा माल हेच व्यापारी उचलत.

शेटजींनी भोकातून बोट आरपार घातलं. "वस्ताद, हा हंडा आहे का चाळण?"

शेटजींनी जनूचे डोळे पाहिले. माणूस अगदीच वाईट नव्हता. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "घरी काही झालं का रे?"

"नाही शेटजी."

"मग रडतोस कशाला?"

जनूला खोटं बोलता आलं असतं. आजारपण सांगितलं असतं तर शेटजींनीच उलट वस्तादाला चार दिवस रजा द्यायला सांगितलं असतं. पण तो म्हणाला, "सगुणा गेली."

"कोण सगुणा?"

"कादंबरीतली."

सगळा कारखाना हसला. एकानं तर हसता हसता भाता सोडून दिला. शेटजी मात्र हसले नाहीत, आणि तेच वाईट झालं.

"वस्ताद, ऐका. यानं इथे, आत्ता, सगळ्यांसमोर शपथ घ्यायची, पुन्हा कादंबरी हातात धरणार नाही. नाहीतर याला काढा. दोन्ही जमत नसेल तर उद्यापासून माझी गाडी पलीकडच्या आळीत उभी राहील. जो माणूस नसलेल्या बाईसाठी रडतो, त्याच्या हातचा माल मी गिऱ्हाइकापुढे कुठल्या तोंडानं ठेवू?"

जनूनं मान खाली घातली. अकरा वर्षं, घरी दोन लेकरं. "घेतो शपथ," तो म्हणाला.

"थांब," वस्ताद म्हणाला. "कधी गेली?"

"काय?"

"सगुणा. कधी गेली?"

"आज सकाळी वाचलं."

"कशानं?"

"वादळात खडकावर कंदील टांगायला गेली होती. लाटेनं नेली."

वस्तादानं हातातली सांडशी खाली ठेवली, उठला आणि विहिरीवर गेला. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. म्हातारा ओल्या धोतरानं थरथरत येऊन ओट्यावर बसला, तेव्हा कोणाला हसू आलं नाही. कामगारांनी मुकाट्यानं भट्टी विझवली.

शेजारच्या गोदाक्कांनी हे भिंतीवरून पाहिलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे काय त्यांना कोणी सांगायला हवं? अर्ध्या तासात त्या पिठलं-भाकरीचं ताट पदराखाली झाकून घेऊन आल्या आणि जमिनीवर बसल्या.

"कोण गेलं हो भावजी?"

"सगुणा."

"तुमची कोण?"

"जनू सांगेल."

जनूला आता पळायला जागा नव्हती. त्यानं सांगितलं. सगुणा म्हणजे एका तांडेलाची मुलगी. बाप गलबत घेऊन गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. आई आधीच गेलेली. बापाला अंधारात खडक दिसावा म्हणून तिनं रोज संध्याकाळी तिथे कंदील टांगला, चौदा वर्षं. गावानं वेडी म्हटलं, लग्न मोडलं, जाळी विणून तिनं पोट भरलं. आणि शेवटी वादळ आलं, तेव्हा तिला वाटलं, आज कंदील नसेल आणि नेमका आजच बाप आला तर.

गोदाक्कांनी हनुवटीवर बोट ठेवलं होतं. "अगं बाई. मग बाप आला का?"

"ठाऊक नाही. साठ पानं राहिलीत."

"मग वाच की मुडद्या. इथे काय करतोस?"

शेटजींना राहवेना. "अहो गोदाक्का, ही बाई जन्मालाच आली नव्हती."

"नसेल," गोदाक्का पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "माझे थोरले दीर जन्माला आले होते. ते गेले तेव्हा माझ्या डोळ्यात टिपूस आलं नाही."

शेटजींनी त्यांचा नाद सोडला आणि वस्तादाकडे वळले. "मग? शपथ का गाडी?"

वस्ताद शांतपणे बोलला. "शेटजी, हंड्याला भोक पडलं ही याची चूक. हातोडा हातात असताना माणसानं हंड्यापाशीच असलं पाहिजे. त्याची सजा मी देईन. तो दुसरा हंडा घडवून देईल, स्वतःच्या वेळात. पण हातोडा खाली ठेवल्यावर तो कुठे जातो, कोणाला भेटतो, ते तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही ठरवायचं नाही. गेल्या दिवाळीत तुम्ही इथेच बसून एक घागर पाहिलीत आणि म्हणालात, आज वडील असते तर खूश झाले असते. तुम्ही उपरण्यानं डोळे पुसलेत. वडील जाऊन बावीस वर्षं झालेली. ते इथे कुठे होते? पण मी हसलो नाही. मी घागर फिरवून ठेवली, त्यांना नीट दिसावी म्हणून. गेलेलं माणूस खरं का खोटं याचा पंचनामा माझ्या घरी होत नाही. रडणारं खरं असलं की झालं. यानं शपथ घेतली तर मीच याला काढीन. तुमची गाडी न्यायची तर न्या, रस्ता मोकळा आहे."

शेटजी बाहेर गेले. गाडीच्या दोरीची गाठ त्यांनी उगाच दोनदा सोडली, दोनदा बांधली. मग गाडी गेली, आणि ती पलीकडच्या आळीतच गेली. गोष्ट आहे म्हणून मी तिला परत फिरवणार नाही.

कामगार पांगले. जनू वस्तादाच्या पायाशी बसला. "वस्ताद, माझी बाजू राखायला, मला चार गोष्टी शिकवायला तुम्ही एवढं नुकसान सोसलंत."

म्हातारा चिडला. "तुझी बाजू गेली खड्ड्यात. तुझ्यासाठी मी या वयात गार पाणी अंगावर घेईन होय? अरे, मला अक्षर येत नाही. ही आळी सोडून मी कुठे गेलो नाही, समुद्र मी पाहिलेला नाही. दोन महिने दुपारच्या भाकरीच्या वेळी तू या लोकांना तिचं सांगत होतास आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. तुला वाटलं, म्हातारा झोपला. जाळी विणून तिच्या बोटांना चिरा पडल्या म्हणालास, तेव्हापासून ठोका घालताना मला माझ्या हाताच्या जागी तिचा हात दिसायचा. तिचं लग्न मोडलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ओळखीची बाई गेली, म्हणून मी आंघोळ केली. यात शिकवण कसली आलीय?"

जनूला तेव्हा कळलं की सकाळपासून तो एकटा रडत नव्हता. तो उठून वस्तादाच्या शेजारी ओट्यावर बसला. विझलेल्या भट्टीसमोर दोघं भिंतीला पाठ लावून बसून राहिले, एकाच घरातलं माणूस गेल्यावर बसतात तसे.

तुमच्याही घरात कोणी भाजी निवडता निवडता थांबून भलतीकडेच बघत बसत असेल, तर त्याला भानावर आणायची घाई करू नका. तिकडे सगळे बरे आहेत ना, एवढं विचारा.